मांडीत उतरणारी कळ: रिपोर्ट बाजूला ठेवा, आधी बोटाने जागा दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: वय ४८, दिवसभर बसून काम, वर्षभरात वजन आठ-नऊ किलोंनी वाढलेले. तीन महिन्यांपासून उजव्या मांडीत कळ आणि जळजळ, कंबरही अधूनमधून धरते. एमआरआयमध्ये ‘एल ४–एल ५ मधली गादी फुगून नसेला टेकली आहे’ असे आले (म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती). तेव्हापासून कमरेला पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि रात्री नसेची गोळी सुरू आहे; त्रास कमी व्हायचा सोडून वाढलाच. आता ऑपरेशन सुचवले गेले आहे. मांडीत अशी कळ कशाकशाने येते आणि ऑपरेशन करून घ्यावे का, असे तुम्ही विचारता.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि पंचवीसहून जास्त वर्षे मणक्याचे व खुब्याचे रुग्ण तपासतो आहे. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही. पण तुमच्या प्रश्नातली दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, ‘पँटच्या खिशाच्या जागी चटचट जळते, कापड घासले तरी नकोसे होते, आणि गुडघ्याच्या खाली काहीच होत नाही.’ दुसरे, ‘उभे राहिले की वाढते, बसले की बरे वाटते.’ एल ४–एल ५ ची गादी सहसा असे वागत नाही. रिपोर्टमध्ये जे दिसले ते आणि तुम्हाला जे दुखते ते, या दोन वेगळ्या गोष्टी असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल, तर त्या गादीचे ऑपरेशन कितीही सुबक झाले तरी मांडी जळतच राहील.

कारणांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हे उत्तर इतर अनेकजण स्वतःसाठी वाचतील. मांडीतली किंवा पायातली कळ आहे आणि त्याबरोबर लघवी अडकली, लघवी झाल्याचे कळेनासे झाले, शौचावरचा ताबा गेला, किंवा सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर वाट पाहू नका. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जो जुडगा असतो तो दबल्याची ही खूण आहे. तिथे तास मोजायचे असतात. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचायचे. पाऊल उचलता न येणे, दिवसागणिक पाय लुळा पडत जाणे, तापासोबत कंबर-मांडी दुखणे, पूर्वी कॅन्सर झालेला असताना नव्याने सुरू झालेले आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पडल्यानंतर पायावर भार न घेता येणे, यातले काहीही असेल तरी एक-दोन दिवसांत तपासणी झालीच पाहिजे. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी-मांडी ताठरली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नका, मालीश करू नका. तातडीने सोनोग्राफी करून घ्या.

आता मांडीकडे. मांडीचे दुखणे बरेचदा मांडीचे नसतेच. कमरेच्या मणक्यांतून निघालेल्या नसा, खुब्याचा सांधा, जांघेतून जाणाऱ्या बारीक नसा, पोटातले स्नायू, रक्तवाहिन्या, सगळे आपापली तक्रार मांडीतच आणून टाकतात. म्हणून माझ्याकडे कोणी फिल्मची पिशवी घेऊन आले की मी ती टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘एका बोटाने दाखवा कुठून सुरू होते आणि कुठे संपते.’ त्या बोटाच्या रेषेत अर्धे निदान असते.

रेषा कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागच्या बाजूने, गुडघा ओलांडून पोटरीत किंवा पावलात उतरत असेल, तर ती बहुतेक वेळा सायटिका. सायटिक ही शरीरातली सगळ्यात जाड नस. कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंतच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडापर्यंतच्या) पाच मुळांनी ती बनते. गादी सरकण्याचे प्रकार बहुतांश शेवटच्या दोन जागी, म्हणजे एल ४–एल ५ आणि एल ५–एस १ (एस म्हणजे त्रिकास्थी) इथे होतात, आणि तिथून जी मुळे दबतात ती गुडघ्याच्या खाली जाणारी असतात. एल ५ दबले की कळ मांडीच्या मागून-बाहेरून उतरून नडगीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते, आणि टाचेवर चालताना पाऊल दमते. एस १ दबले की पोटरी, तळवा आणि करंगळी, आणि चवड्यावर उभे राहणे कठीण. या दुखण्याचा स्वभाव ओळखू येतो: वीज चमकल्यासारखी सणक, खोकले-शिंकले की पायात कळ, वाकून बसले की जास्त, थोडे चालले की किंचित कमी. उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला की साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान तीच कळ पायात धावते. नुसती मांडीची मागची बाजू ताणल्यासारखी वाटणे ही खूण धरायची नाही. तिथला स्नायू अनेकांचा आखडलेला असतो.

गादी सरकली म्हणजे नस ‘चिरडली’ असे चित्र लोकांच्या मनात बसते आणि त्याची भीती दुखण्याइतकाच त्रास देते. प्रत्यक्षात दाबाइतकाच वाटा दाहाचा असतो. गादीच्या आतला गर बाहेर आला की नसेच्या मुळाभोवती सूज येते, आणि सुजलेले मूळ थोड्याशा स्पर्शानेही पेटते. दाह ओसरला की गादी तशीच असूनही कळ जाते. आणि बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. गंमत अशी की मोठा, तुटून बाहेर पडलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो, कारण रक्तातल्या पेशींना तो परका दिसतो. म्हणून रिपोर्टातला मोठा शब्द पाहून हातपाय गाळू नयेत.

मागच्या बाजूचीच पण गुडघ्याच्या वरच थांबणारी, कुल्ल्यात खोल ठणकणारी कळ वेगळी. ती त्रिकास्थीच्या सांध्याची असू शकते, किंवा कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखाली नस आवळल्याची. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांना पाकीट काढण्याचा सल्ला हाच उपचार पुरला आहे.

मांडीच्या पुढच्या भागात दुखते तेव्हा मी दुप्पट सावध होतो, कारण इथे चुका जास्त होतात. एल २, एल ३, एल ४ ही मुळे पुढच्या बाजूला येतात. ती दबली की जिना चढताना-उतरताना गुडघा अचानक दगा देतो, आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय हवा तसा उडत नाही. पालथे झोपवून गुडघा दुमडला आणि मांडी मागे उचलली की पुढे कळ येते. पण पुढच्या मांडीच्या दुखण्यामागे मणक्याइतकाच, किंवा वयस्कर माणसात मणक्याहून जास्त वेळा, खुब्याचा सांधा असतो. लोक ‘खुबा दुखतो’ म्हणून बहुधा कुल्ल्यावर किंवा कडेला हात ठेवतात. खरा सांधा जांघेच्या मागे खोल आहे आणि त्याचे दुखणे जांघेतून मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत येते. मोजे घालताना, पायाची नखे कापताना, गाडीतून उतरताना पाय वळवला की दुखते का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. पाठीवर झोपवून गुडघा दुमडून मांडी आतल्या बाजूला फिरवली आणि जांघेत कळ आली, तर कमरेचा एमआरआय पाहण्याआधी खुब्याचा एक्स-रे पाहावा.

तरुण माणसात, विशेषतः ज्याने काही कारणाने बराच काळ स्टेरॉइड घेतले आहे, जो नियमित जास्त मद्य घेतो, किंवा ज्याला सिकल सेलचा आजार आहे, त्याच्या खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोल डोक्याचा, म्हणजे गोळ्याचा, रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरू लागू शकते. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. एमआरआयमध्येच ते दिसते. हा गोळा खचायच्या आधी सापडले तर सांधा वाचवायला वाव असतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील घेऊन आले. मांडी आणि गुडघा दुखतो, खेळताना लंगडतो. मी गुडघा तपासला, गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला, आणि ‘खेळताना मुरगळले असेल’ म्हणून पाठवले. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा पाऊल बाहेर वळलेले होते. त्याच्या मांडीच्या हाडाचे टोक वाढीच्या रेषेवरून घसरले होते. ऑपरेशन झाले, मुलगा चालायला लागला, पण ते तीन आठवडे मी त्याच्याकडून काढून घेतले होते. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात बोलते. तेव्हापासून लंगडणारे मूल माझ्यासमोर आले आणि ते मांडी किंवा गुडघा दाखवत असेल, तर त्याचा खुबा तपासल्याशिवाय मी त्याला जाऊ देत नाही. आईवडिलांनीही तसा आग्रह धरावा.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक चित्र. पन्नाशी-साठीतला माणूस, एके दिवशी मांडीच्या पुढच्या बाजूला भयंकर कळ सुरू होते, रात्री जास्त. काही आठवड्यांत ती मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते, खुर्चीवरून उठता येत नाही, वजनही उतरते. साखर फार वाढलेली असतेच असे नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये त्या वयात काहीतरी सापडतेच, आणि मग मणक्याचे ऑपरेशन होऊनही कळ तशीच राहते. ही मधुमेहामुळे नसांच्या जाळ्याला झालेली इजा असते. ती वेदनादायक असली तरी बहुतेकांची ताकद महिन्यांच्या, कधी वर्ष-दीड वर्षाच्या काळात बऱ्यापैकी परत येते. साखर आटोक्यात, वेदनेवर नसेच्या गोळ्या आणि चिकाटीने फिजिओथेरपी, हाच मार्ग.

आतल्या बाजूच्या मांडीबद्दल फार लिहीत नाही. स्नायू ताणला जाणे, हर्निया, खुबा, आणि कमरेच्या कडेतून जांघेकडे लाटेसारखी येणारी कळ असेल तर मूतखडा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता बाहेरची बाजू, म्हणजे तुमची. इथे दोन वेगळी दुखणी शेजारी शेजारी राहतात. एकात खुब्याच्या कडेला जे हाड हाताला लागते त्यावर दाबले की डोळ्यांत पाणी येते, त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना दुखते. हे कुल्ल्याच्या स्नायूंच्या शिरांचे, म्हणजे हाडाला जिथे स्नायू चिकटतो त्या दोरीचे, दुखणे. चाळिशी ते साठीच्या बायकांत ते फार दिसते आणि त्यांनाही ‘सायटिका’ म्हणूनच औषध मिळत राहते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात अशा २०४ जणांचे तीन गट केले होते. नीट शिकवलेला व्यायाम आणि बसण्या-उभे राहण्याच्या सवयींत बदल करणाऱ्यांपैकी आठ आठवड्यांनी सुमारे ७७ टक्के सुधारले, स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८ टक्के, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९ टक्के. या सवयी म्हणजे पायावर पाय टाकून बसणे सोडणे, एका पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून उभे न राहणे, आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घेणे. कडेचा तो भाग ताणण्याचे व्यायाम इथे उलट त्रास वाढवतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

दुसरे दुखणे कातडीचे वाटते. हाताच्या पंजाएवढा, मांडीच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूचा पट्टा जळतो, बधिर होतो, मुंग्या येतात, कापड घासले तरी सहन होत नाही. गुडघ्याच्या खाली काही नाही. ताकद पूर्ण शाबूत. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. ग्रीक भाषेत ‘मेरोस’ म्हणजे मांडी आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. मांडीच्या त्या पट्ट्याला स्पर्शाची जाणीव देणारी एक बारीक नस आहे. ती कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या जरा आत, जांघेच्या पट्टीखालून मांडीत उतरते. तिथे ती आवळली जाते. पोट सुटले, गरोदरपण आले, घट्ट जीन्स किंवा कंबरपट्टा घातला, अवजारांचा जड पट्टा बांधून काम केले, की ती दाबात येते. मधुमेहात नसा आधीच नाजूक असतात, तिथे थोडा दाबही पुरतो. उभे राहिले की ती नस ताणली जाते आणि जळजळ वाढते. बसले की सैल पडते. तुमचे वाक्य मला इथे आठवले.

आणि तुम्ही एमआरआय झाल्यापासून कमरेला पट्टा आवळून बसला आहात. गादीसाठी दिलेला तो पट्टा पुढून नेमका त्या टोकदार हाडावरच बसतो. तुमचे दुखणे हेच असेल, तर त्रास का वाढला याचे उत्तर त्या पट्ट्यात असू शकते.

हे ताडून पाहणे कठीण नाही. डॉक्टर त्या हाडाच्या आतल्या बाजूला बोटाने टिचक्या मारतील. तीच जळजळ मांडीत पसरली तर संशय बळावतो. गुडघ्याची ताकद आणि हातोडीची प्रतिक्रिया दोन्ही बाजूंना सारखी हवी. टाचेवर आणि चवड्यावर चालता यायला हवे. तरीही शंका राहिली तर सोनोग्राफीत पाहून त्या नसेजवळ थोडे भूल देणारे औषध सोडतात. काही मिनिटांत जळजळ गेली तर नस तीच, हे सिद्ध झाले. त्याच सुईतून स्टेरॉइड दिले तर तो उपचारही होतो. बहुतेकांना मात्र सुईचीही गरज पडत नाही. दाब काढला, वजन थोडे उतरवले, की काही आठवडे ते काही महिन्यांत ती नस शांत होते. त्या नसेचे ऑपरेशन फार क्वचित लागते.

अजून काही कारणे आहेत ज्यांची नावे घेतली नाहीत तर उत्तर अपुरे राहील. साठीच्या पुढे दोन्ही मांड्या चालताना भरून येतात, दोनशे-तीनशे पावलांवर थांबावे लागते, ही तक्रार नेहमीची. थांबल्यावर नुसते उभे राहूनच बरे वाटत असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा आणि पायातली नाडी तपासावी. उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते, सायकल मात्र खुशाल चालवता येते, तर मणक्याची नळी अरुंद झाली आहे. हा फरक रुग्णाच्या बोलण्यातूनच कळतो.

हाडाचे एक दुखणे असे आहे की ते वेळेत ओळखले तर मोठा अपघात टळतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी अनेक वर्षे घेणाऱ्या काही थोड्या लोकांत मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने बारीक चीर पडते. आठवडे-महिने नुसती मांडी किंवा जांघ ठणकते, आणि मग एक दिवस साध्या चालण्यात हाड मोडते. हे फार दुर्मिळ आहे आणि ती गोळी जितके फ्रॅक्चर टाळते त्यापुढे धोका छोटा आहे, म्हणून घाबरून स्वतःच बंद करू नका. पण ती घेत असाल आणि मांडी दुखू लागली, तर दोन्ही मांड्यांच्या संपूर्ण हाडाचा एक्स-रे मागून घ्या. नुसत्या खुब्याच्या फिल्ममध्ये चीर निसटते. ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, कोलेस्टेरॉलच्या गोळीने दोन्ही मांड्यांचे स्नायू दुखणे, मणक्याच्या क्षयात पोटातल्या सोआस स्नायूत साठून जांघेत उतरणारा पू, हीसुद्धा या यादीत आहेत. आणि एका पट्ट्यात कातडी जळत असेल आणि तीन-चार दिवसांत तिथे पाण्याचे फोड उठले तर ती नागीण; फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोग होतो.

मग एमआरआयचे काय करायचे? तो चांगला आहे, पण त्याला आपण प्रश्न नीट विचारला पाहिजे. २०१५ मध्ये ३,११० अशा लोकांच्या चित्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. त्यांत विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत फुगलेली गादी दिसली, आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांत. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी गादी फुगते. चित्रातली नस, बोटाची रेषा आणि तपासणीत सापडलेली कमजोरी या तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तेव्हाच त्या गादीला दोषी ठरवावे. तुमच्या बाबतीत त्या तिन्हींचा मेळ बसवून कोणी दाखवला आहे का, हे तुमच्या सर्जनना सरळ विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

उपचारांबद्दल, ज्यांना खरोखर सायटिका आहे त्यांच्यासाठी जरा खोलात जातो. झोपून राहणे हा उपचार नाही. १९९९ मध्ये १८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन आठवडे झोपून राहिलेले आणि जमेल तसे वावरणारे, या दोन्ही गटांत बारा आठवड्यांनी सारखेच, ८७ टक्के लोक सुधारले. झोपून राहण्याने फक्त स्नायू खंगतात आणि मन खचते. अगदी असह्य कळ असेल तेव्हा एक-दोन दिवस ज्या कुशीवर बरे वाटते त्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन पडा. त्यानंतर दर अर्ध्या तासाने उठा, दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटे सपाट जागी चाला. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून वजन उचलू नका, कारण रात्रभरात गादीत पाणी भरलेले असते आणि ती ताठ असते. पालथे झोपून कोपरांवर टेकून छाती हळू वर घेतल्यावर पायातली कळ मागे सरकून कमरेत येत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी तो व्यायाम तुमच्यासाठी योग्य दिशेचा आहे. कळ पावलाकडे सरकत असेल तर तो लगेच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. एकाला लागू पडलेला व्यायाम दुसऱ्याला तसाच देण्याने जितके नुकसान होते तितके व्यायाम न करण्यानेही होत नाही.

गोळ्यांबाबत अपेक्षा माफक ठेवा. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, आणि मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. प्रीगॅबालिन ही नसेची गोळी सायटिकासाठी सर्रास दिली जाते. २०१७ मध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही; चक्कर मात्र जास्त आली. मधुमेहातल्या नसांच्या जळजळीसाठी त्याचा उपयोग होतो, तो वेगळा प्रश्न आहे. तुम्ही ते रात्री घेत असाल आणि फरक नसेल, तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका.

मणक्यातले इंजेक्शन कळ असह्य असलेल्या रुग्णाला काही आठवड्यांची उसंत देऊ शकते. त्या उसंतीत झोप होते, चालणे सुरू होते. त्याने गादी जागेवर जाते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

ऑपरेशनची माझी कारणे तीन. लघवी-शौचाची लक्षणे, वाढत जाणारी कमजोरी, आणि सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ जगू देत नाही आणि चित्र तिच्याशी जुळते आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८३ रुग्णांपैकी काहींचे ऑपरेशन लवकर केले, काहींना वाट पाहायला सांगितले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन लागले, हेही तितकेच खरे. म्हणजे योग्य रुग्णात ऑपरेशन वेळ विकत घेते, आणि ज्याला पगार, घर, झोप यातले काहीच टिकवता येत नाही त्याच्यासाठी ती वेळ मोलाची असते. मी स्वतः अशी ऑपरेशने करतो आणि पायातली कळ शुद्धीवर येताच गेलेली पाहतो. पण ते ऑपरेशन पायाच्या कळेसाठी आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी केले तर निराशा पदरी पडते, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळणाऱ्या कातडीसाठी केले तर त्याचा काही संबंधच नसतो.

तुमच्यासाठी म्हणून आत्ता हे सांगतो. कमरेचा पट्टा आजच सोडा. पँट सैल, कमरेच्या हाडाच्या वर किंवा खाली बसेल अशी घाला, आणि खिशात जड वस्तू ठेवू नका. पेनाने मांडीवर जळणाऱ्या भागाची कड आखा आणि त्याचा फोटो काढा. चार आठवड्यांनी पुन्हा आखा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या, कारण या जळजळीतून मधुमेह पहिल्यांदा उघडकीला आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. वजन चार-पाच किलोंनी उतरवायला सुरुवात करा. खुब्याचा एक साधा एक्स-रे आणि नीट हातोडी-टाचणी घेऊन केलेली तपासणी, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी, दुसऱ्या डॉक्टरांकडून. जाताना फिल्म न्या, पण ती मागितल्याशिवाय काढू नका. आधी बोटाने जागा दाखवा.

चार ते सहा आठवड्यांत मांडीवरचा तो जळणारा भाग आक्रसू लागला, तर गादीला आहे तशी राहू द्या. जळजळ गुडघ्याच्या खाली उतरली, जिन्यावर गुडघा वाकू लागला किंवा मांडी बारीक दिसू लागली, तर माझा अंदाज चुकला आहे असे समजा आणि त्याच आठवड्यात पुन्हा तपासणी करून घ्या.